आज गाठण्यापुरतं यंत्र

भाद्रपद सरता सरता पद्माकर देवस्थळी एक दिवस मागे पडले. सोमवारी सकाळी शशिकलाबाईंनी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आंबोळी आज अगदी जाळीदार झालीय." आंबोळी रविवारी झाली होती. बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. पण पद्माकररावांच्या मिशीला ओल्या खोबऱ्याची चटणी लागली होती, आणि ती चटणी तर कालच संपून तिचं भांडंही घासून पालथं पडलं होतं.

तो आठवडा संपेपर्यंत ते आणखी मागे गेले. माणूस तोच होता. सारा जन्म शाळेत पी.टी. शिकवण्यात गेलेला, अजूनही छाती काढून चालणारा. हात धरला की बरोबर येई, ताट मांडलं की जेवे. फक्त त्यांचा दिवस वेगळा होता. कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत, असं सोमवारी विचारलं की उत्तर शुक्रवारी मिळे, तेही मोठ्या तत्परतेनं, आणि तोवर कुलूप तोडून झालेलं असे. डॉक्टरांनी मनगट धरलं. नाडी मागल्या बुधवारची लागतेय, बाकी काळजीसारखं काही नाही, असं सांगून त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या.

पळालं की आज गाठता येतो, हे कुत्र्यामुळे कळलं. म्हैसाळ रस्त्यावर एक पिसाळल्यासारखं कुत्रं त्यांच्या मागे लागलं आणि पद्माकरराव जे सुटले ते उसाच्या फडापर्यंत थांबले नाहीत. तिथून त्यांचा फोन आला. आज शुक्रवार ना, मी इथे आलोय, घरून डबा पाठवू नकोस, असं ते म्हणाले. शशिकलाबाईंनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला. किती दिवसांनी नवरा त्यांच्याशी त्याच दिवशी बोलत होता. पण आज जिथे गाठला तिथेच थांबलं तर तो टिके, जागा सोडली की सुटे. एस.टी.त बसून मिरजेला येईपर्यंत पद्माकरराव पुन्हा मंगळवारात गेले होते.

मग सगळे उपाय झाले. मैदानाला फेऱ्या मारल्या, तर गोल फिरून ते त्याच दिवसावर येत. बाहेरून घराच्या दिशेनं पळवलं, तर आज कधी कोपऱ्यावरच्या गिरणीशी गाठला जाई, कधी शेजाऱ्यांच्या फाटकात. घरात नेमका कधीच नाही.

आणि आज हवा होता तो घरातच. दत्तमंदिराच्या कीर्तन सप्ताहाचं यजमानपद या वर्षी देवस्थळींकडे आलं होतं. कॉलनीतली घरं एकामागून एक आपली पाळी घेत आली, आणि लग्न होऊन आल्यापासून शशिकलाबाई या पाळीची वाट पाहत होत्या. सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या सकाळी बुवा यजमानांच्या घरी येतात, यजमान जोडीनं त्यांचे पाय धुतो आणि मग बुवा देवळात जाऊन काल्याच्या कीर्तनाला उभे राहतात, अशी तिथली रीत. जोडीनं म्हणजे दोघांनी, एकाच पाण्यानं, एकाच दिवशी.

देवळाचे नानासाहेब आपटे घरी येऊन बसले. गाडी सावकाश मुद्द्यावर आली. जोडीदार हजर नसला तर पाटावर सुपारी मांडतात, शास्त्राला ते मान्य आहे, असं त्यांनी चहा पिता पिता सुचवलं.

"नानासाहेब, नवरा घरात बसलेला असताना सुपारी कशी मांडू?" शशिकलाबाई म्हणाल्या.

नानासाहेबांनी आरामखुर्चीकडे पाहिलं. पद्माकरराव मागल्या आठवड्यातला क्रिकेटचा सामना बघत होते. टीव्ही बंद होता.

"वहिनी," नानासाहेब म्हणाले, "इथे आहेत ते हो, पण आज नाहीत."

त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला स्वस्थता नाही. हातातला डाव खाली ठेवायच्या आणि लगेच उचलायच्या. सप्ताह सुरू झाला होता. खांबेटे बुवा उभे राहिले की एरवी बाईंना जगाचा विसर पडायचा. पूर्वरंगात त्या मान डोलवायच्या, आख्यान लागलं की पदर डोळ्यांना लावायच्या, आणि भरताला पादुका मिळतात तिथे तर दर वेळी हुंदका यायचाच, कथा शंभरदा ऐकलेली असली तरी. या वेळी मात्र त्यांचं लक्ष बुवांच्या पायांकडे गेलं. सतरंजीवर अंथरलेली छोटी गादी, तिच्यावरून पाय बाहेर पडत नव्हता, आणि बुवा अयोध्येतून निघून गंगा ओलांडून चित्रकूटला पोचलेसुद्धा.

कीर्तन संपल्यावर पाया पडताना त्यांनी विचारलं. जागेवरच पळता येतं का, बुवा?

बुवा घाम पुसत हसले. "मी दुसरं काय करतो, ताई? चौदा वर्षांचा वनवास एका बैठकीत उरकायचा तर चालून कसं भागेल?"

दुसऱ्या दिवशी बाई पद्माकररावांचा हात धरून बलभीम व्यायाम साहित्य या दुकानात गेल्या. दुकान रमजान मुजावर यांचं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की काका मागे किती आहेत. आठ दिवस, बाई म्हणाल्या. मुजावरांनी मान हलवली. मग चालायचं यंत्र नको, पळायचं हवं, आणि तेही नुसतं पळायचं, असं म्हणून ते पुढे झाले.

पद्माकरराव आठ दिवसांपूर्वीच्या बारशात होते. कोल्हापूरला, नणंदेच्या नातवाच्या. दुकानात शिरताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. बाळ झोपलंय."

मुजावर तिथून पुढे कुजबुजतच बोलले.

पळा, असं आज सांगून उपयोग नव्हता. ते ऐकू जायला आठवडा लागला असता. पुढे कुठलाही उपाय निघो, पळावं तर लागणारच, म्हणून बाईंनी ते बारशातच सांगून ठेवलं होतं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि सगळ्या बायकांसमोर त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या होत्या, "अहो, आता पळा." थोड्या वेळानं पुन्हा. एकूण चारदा. नणंद अजून फोनवर नीट बोलत नव्हती.

पहिलं यंत्र घडी घालून पलंगाखाली सरकवता येण्यासारखं, दिसायला नाजूक. पद्माकररावांनी वेग घेतला तसं ते थरथरलं, मग हललं, मग स्वतःच पळायला लागलं. शटरपर्यंत गेलं तेव्हा मुजावरांनी वायर उपटली. जे स्वतःच जागा सोडतं ते दुसऱ्याला काय जागेवर ठेवणार, असं म्हणून बाई पुढे सरकल्या.

दुसऱ्याला समोर मोठा पडदा होता. त्यावर समुद्रकाठचा रस्ता, नारळीची झाडं. गाणीही लागत. पद्माकरराव थोडंसंच पळाले आणि कमरेपर्यंत अंधूक झाले. बाईंनी सदरा धरून त्यांना मागे ओढलं. बुटांत ओली वाळू होती.

"म्हणून मी पडद्याचं सुचवत नाही, काकी," मुजावर कुजबुजले. "लोक तिकडेच जातात. एकाची चप्पल परत आली नुसती."

तिसऱ्याच्या पट्ट्याखाली गादीसारखं मऊ काहीतरी होतं, गुडघ्यांना जपणारं. त्यावर पद्माकरराव कितीही पळाले तरी बारशातच राहिले. मऊपणा प्रत्येक पाऊल अर्धं परत देत होता.

चौथं कोपऱ्यात उभं होतं, गोणपाटाखाली. लोखंडाचं, जड, बैलगाडीच्या साट्यासारखं. लांब पट्टा, रुंद, म्हणजे मोठी टांग पडली तरी पाय बाहेर जाणार नाही. पडदा नाही, गाणी नाहीत, चढउतार नाही. एक बटण सुरू व्हायचं, एक वेग वाढवायचं, आणि थांबवायला एक लाल दोरी. पद्माकरराव त्यावर चढले, वेग वाढला, आणि यंत्र केसभर हललं नाही. फक्त जमिनीतून एक घुमारा यायला लागला, पखवाजाच्या डाव्या अंगासारखा. पद्माकररावांच्या अंगावरचा बारशाचा पेढ्यांचा वास गेला. मग रविवारच्या शिकेकाईचा आला. मग वीज गेली आणि ते पुन्हा बारशात उतरले.

"हेच द्या," बाई म्हणाल्या.

मुजावरांनी दोन गोष्टी बजावल्या. आज लागला की तत्क्षणी दोरी ओढायची. आजच्या अलीकडे थांबला तर माणूस मागे घसरतो, पण आज लागल्यापुढे जिथे थांबतो तिथेच राहतो, आणि या यंत्राला उलटं फिरणं नाही, तेवढा थाट त्यात नाही. दुसरं म्हणजे तोंड कोऱ्या भिंतीकडे ठेवायचं. समोर काही म्हणजे काही नको. समोर काही असलं की पळणारा आजपाशी थांबत नाही.

हमालांनी यंत्र आणलं, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि पाणी मागितलं. बाई पाणी द्यायला वळल्या आणि जागच्या जागी थबकल्या. कोऱ्या भिंतीच्या बरोबर समोर देवघर होतं. म्हणजे पळणाऱ्याची पाठ देवांना. त्या घरात देवांना पाठ दाखवायची पद्धतच नव्हती. देवघरातून बाहेर पडतानासुद्धा माणसं मागच्या पावलांनी येत. कीर्तनकार देवापुढे उभा राहतो तो देवाकडे तोंड करून, मग पळणाऱ्यानं का नाही? आणि समोर दुसरं काही असलं तर माणूस भरकटेल, समोर देव असला तर भरकटून जाईल कुठे? त्यांनी हमालांकडून यंत्र फिरवून घेतलं. पट्ट्याला हळदकुंकू लावलं.

काल्याचा गुरुवार उजाडला. दारात रांगोळी, ओटीवर तोरण. बाईंनी दोन पाट शेजारी शेजारी मांडले, उंबऱ्याला लागून परात ठेवली, तांब्यात कोमट पाणी भरलं. पळा, हे त्यांनी गेल्या आठवड्यात या गुरुवारी पोचेल अशा बेतानं उठल्यासुटल्या म्हणून ठेवलं होतं. भाजी निवडतानासुद्धा. पद्माकररावांना नेऊन पट्ट्यावर उभं केलं, बटण दाबलं, आणि थोड्या वेळानं त्यांना ते ऐकू आलं. ते पळायला लागले.

पाय असे पडत होते की वाटावं, चाळीस वर्षांपूर्वीचा मुलगा पळतोय. घुमारा घरभर भरला. फडताळातली भांडी किणकिणली. बाई शेजारी उभ्या होत्या, लाल दोरी मुठीत. शनिवार पद्माकररावांच्या चेहऱ्यावरून गेला. रविवारी त्यांचे केस ओले झाले आणि वाळले. सोमवारी कापलेलं बोट दिसलं, मंगळवारी खपली धरली, बुधवारी नुसता व्रण. बाईंचा श्वास त्यांच्या पावलांबरोबर चालला होता. दारावर झांजांचा आवाज यायला लागला.

पद्माकररावांनी मान वळवली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मागच्या कुठल्या बाईंकडे नाही, समोर उभ्या असलेल्या बाईंकडे.

"शशी," ते धापा टाकत म्हणाले, "हे लुगडं कधी काढलंस?"

"आज," शशिकलाबाई म्हणाल्या. "आत्ताच, अहो."

त्याच क्षणी नामघोष करत खांबेटे बुवा उंबऱ्यात आले. कपाळाला बुक्का, गळ्यात हार, मागे नानासाहेब झांज वाजवत. आणि नारदाच्या गादीवरचा माणूस दारात उभा दिसला, तर मिरजेतल्या कुठल्याही कीर्तनवेड्या बाईचे हात जे करतील तेच शशिकलाबाईंच्या हातांनी केलं. ते जोडले गेले. दोन्ही.

दोरी खाली लोंबत राहिली. नामघोष मध्ये तोडत नाहीत, तो संपेपर्यंत हात सोडत नाहीत. तो लांबला नाही. पण पद्माकररावांच्या पावलांना तेवढा पुरला.

बाईंनी दोरी धरली तेव्हा पद्माकररावांचं तोंड देवघराकडे होतं आणि चेहऱ्यावरचा दिवस ओळखीचा नव्हता. लुगड्याचा रंग त्यांच्या डोळ्यांत नव्हता. हनुवटीवर दाढीचे खुंट उगवले होते, आणि दाढी तर सकाळीच बाईंनी स्वतः करून दिली होती.

"ओढू का, बुवा?"

बुवांनी एक पाय परातीत ठेवला होता. दुसरा उंबऱ्याबाहेर. ते पद्माकररावांकडे बघत राहिले.

"ओढलीस तर उद्या मिळेल," ते म्हणाले. "नाही ओढलीस तर परवा."

नानासाहेबांच्या हातातल्या झांजा एकमेकींवर टेकून गप्प होत्या. बाहेर देवळात लोक जमल्याचा गलका. परातीतल्या कोरड्या पायावर पाणी पडायचं होतं, आणि तांब्या दोन पाटांच्या मधोमध.

"नाही गं," पद्माकरराव पळता पळता मऊ आवाजात म्हणाले, कुणी काही विचारलेलं नसताना. "मी कशाला रागावू? तू हात जोडलेस, दुसरं काय केलंस?"

शशिकलाबाईंची मूठ दोरीवर घट्ट झाली. दुसऱ्या हातात त्यांनी ओवाळायचं निरांजन उचललं होतं. कधी, ते त्यांना कळलं नव्हतं. वात अजून कोरडी होती, तूप घट्ट होतं, काडी पेटवलेली नव्हती. पद्माकररावांनी धावता धावता दोन्ही तळवे पुढे रिकाम्या हवेवर धरले. तळव्यांवर पिवळा उजेड पडला. त्यांनी ऊब घेतली आणि तळवे सावकाश डोळ्यांवरून फिरवले.