निंबाखालचे पिवळे कटोरे

रविता सकाळी निंबाखाली वाकली. पहिला कटोरा पाहिला, दुसरा पाहिला, आणि तिसऱ्याकडे न जाता तिथेच मटकन बसली. पाणी काठोकाठ, तीर्थासारखं नितळ. किडा म्हणाल तर एक नाही.

आजचा हा चौथा दिवस.

तिला हवा होता तो काळा भुंगेरा तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पाठीला पोक, मागे सुईसारखं टोक. फुलाकडे बोट नेलं रे नेलं, की कोलांट्या खात खाली पडतो आणि दिसेनासा होतो. जात ओळखायची ती त्या टोकाच्या लांबीवरून, आणि गेल्या वर्षी सापडलेल्या एकुलत्या एक किड्याचं नेमकं टोकच मोडलेलं. तेवढ्यावरून मार्गदर्शक सरांनी प्रबंधाचं अख्खं प्रकरण परत पाठवलं. म्हणून ही आमगावची पोर नागझिऱ्याजवळच्या या खेड्यात तुलसाबाईंकडे येऊन राहिली होती. निंबाचा मोहोर आणखी दोन दिवसांचा. मग पुन्हा वर्षभर वाट.

रीत साधी होती. पिवळ्या रंगाला किडे फूल समजतात, म्हणून झाडाखाली पिवळे कटोरे मांडायचे. पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा, म्हणजे पडलेला किडा बुडतो. साबण नसला तर तरंगतो, सावरतो आणि उडून जातो. रविता रोज संध्याकाळी न चुकता थेंब टाकत होती. आज तिने पाण्यात बोट बुडवून चोळलं. बुळबुळ नावालाही नव्हती.

तेवढ्यात कालच्या कीर्तनातला अभंग गुणगुणत तुलसाबाई लोटा घेऊन आल्या आणि तिसरा कटोरा उपडा करून नवं पाणी ओतू लागल्या.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

"पानी बदलून राहिली, बाई. तू साबन तसाच ठेवून झोपतेस. पाखरं प्यायले येतेत ना."

"रोज बदलता?"

"मंग. सप्ता बसला तवापासून. कीर्तनवाल्या बुवानं सांगतलं, उन्हाराचे दिवस आहेत, मुक्या जिवायले पानी ठेवा. सारं गाव कटोरे धुंडून राहिलं होतं. मी म्हनली, आमची पोरगी तं आधीच मांडून बसली."

रविताने कपाळाला हात लावला. "मी म्हटलं होतं ना, कटोऱ्यांना हात लावू नका?"

"हात कुठं लावला? लोट्यानं ओतलं. आनि तुयाच नावानं ओतलं. मायासाठी पुन्याचा एक थेंब नाई मागतला देवाले."

वर फांदीवर दोन बुलबुल बसले होते. चार दिवस पाणी पिऊन चांगले सोकावलेले, आता मोहोरातले किडे टिपत होते. तिचे किडे. रविताने ढेकूळ उचललं, आणि तुलसाबाईंच्या तोंडाकडे पाहून खाली टाकलं.

"दाव बरं, कसा असते तो," तुलसाबाई म्हणाल्या.

रविताने कुपीतला मोडका किडा दाखवला.

"हा? हा तं उलट्या मारनारा. याले कायले कटोरे पायजे?"

बाई तरातरा गेल्या आणि आपणच धुऊन तारेवर वाळत घातलेलं बुवांचं पांढरंशुभ्र धोतर ओढून आणलं. जंगलात चारोळीची चारं झोडायला जातात तसं ते खालच्या फांदीखाली पसरलं, काठ वर दुमडून खोळ केली. मग काठीने फांदीवर दोन रट्टे दिले. मोहोर भुरभुरला आणि पांढऱ्यावर काळे ठिपके कोलांट्या मारू लागले. काठाला थडकून परत मधोमध घरंगळत आले. रविता पालथी पडून तोंडात धरलेल्या रबरी नळीने एकेक ओढून कुपीत घेत गेली. भिंगाखाली पाचव्याचं टोक अखंड निघालं. तिने पुन्हा पाहिलं. अखंडच.

"आता याले मारशील?"

"मारावं लागते, मावशी."

तुलसाबाईंनी कुपी उजेडात धरली. "बरं झालं, चार दिवस तुया नावानं पानी ओतलं. कामी येईल."

रविताने कुपीचं बूच घट्ट बसवलं. तेवढ्यात मंडपाकडून बुवांची हाक आली, "तुलसाबाई, धोतर वाळलं काय?"

दोघींनी खाली पाहिलं. धोतरावर मोहोर, माती आणि रविताच्या कोपरांचे दोन ठसे.

"तूच सांग, बाई," तुलसाबाई काठी मागे लपवत म्हणाल्या. "मी तं हात नाई लावला."