माझ्या अंगाला चिकटलेली बोटं

मित्रांनो, माझी उंची आता बोटाच्या दोन पेरांएवढीच उरली आहे. मी पितळेचा एक जुना, गोल ठोकळा. बडोद्याला छाणीत गजेंद्रभाईंचा छोटा कारखाना आहे, तिथल्या धातू कातायच्या लेथवर माझं आयुष्य गेलं. जाड कांबीतून मला कापलं, तेव्हा मी चांगला मुठीएवढा होतो.

माझं काम धरून ठेवण्याचं. पातळ चकत्या लेथच्या जबड्यात पकडल्या तर वाकतात. म्हणून माझ्या सपाट तोंडावर सुपरग्लूचा एक थेंब टाकतात, चकती दाबून बसवतात आणि मग हळूहळू, तापू न देता तिला कातायचं. काम झालं की मला चकतीसकट ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवतात. काही तासांनी ती आपोआप सुटते. घाई असली तर गॅसच्या ज्योतीवर धरतात. ग्लू जळतो, डोळे चुरचुरतात आणि चकती गळून पडते. नंतर लेथवर माझं तोंड पुन्हा साफ करतात. दर वेळी मी थोडा कमी होतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मोहना बाजव्याहून यायची. ती आली पॅकिंगच्या कामाला, पण बघून बघून लेथ शिकली. वसंतकाका वीस वर्षांचे जुने कारागीर. तरी त्यांच्या चकत्या उडायच्या, कारण माझ्या तोंडावरचं तेल ते पुसत नसत. मोहना पुसायची. चकती बसवली की मनात साठ आकडे मोजेपर्यंत दाबून धरायची. एकदा गजेंद्रभाईंनी तिची चकती उजेडात धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वसंतभाई, जुओ जरा! याला म्हणतात काम."

वसंतकाकांनी आपली उडालेली चकती भंगारात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्लूची अर्धी ट्यूब माझ्या अंगावर रिकामी केली आणि लगेच हाक मारली, "मोहना, तो ठोकळा दे गं जरा."

तिनं मला उचललं. अंगठा आणि दोन बोटं घट्ट बसली. शेजारच्या मशीनवरच्या सलीलनं मोबाइल काढला. सगळे हसले. मोहनाही हसली. तिला वाटलं, गंमत आहे, आता सोडवतील.

"काका, ॲसिटोन द्या ना."

"संपलं."

बाटली त्यांच्या पायाशी, खोक्यामागे होती. अर्धी भरलेली.

"मग कोमट पाणी नि साबण तरी द्या कुणीतरी!" आता तिचं हसू गेलं होतं.

कुणी हललं नाही. तेवढ्यात गजेंद्रभाई आले. "आ शुं नाटक छे? बाहेर मालासाठी टेम्पो उभा आहे. ठोकळा पाहिजे मला."

"भाई, थोडा वेळ द्या. भिजवलं की सुटेल."

त्यांनी एका हातानं तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं मला. वसंतकाका पुढे झाले, "भाई, थांबा..." पण तोवर गजेंद्रभाईंनी हिसका दिला होता.

मला सोडता येत नाही, मित्रांनो. धरून ठेवणं एवढंच मला येतं. मोहना एकदाच किंचाळली. तिच्या बोटांची कातडी माझ्या अंगावर राहिली. वसंतकाकांनी मला ज्योतीवर धरलं. त्या दिवशी नुसता ग्लू जळला नाही. मग त्यांनी मला लेथवर चढवून साफ केलं, आणि थोड्याच वेळात माझ्या तोंडावर पुढची चकती होती.

नवव्या दिवशी मोहना परत आली. बोटांवर गुलाबी, गुळगुळीत कातडी आली होती. दारातल्या हजेरीच्या मशीनवर तिनं अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला. नाहीच.

"भाई, डाव्या हाताचं बोट नोंदवून घ्या ना."

"मशीन तुला ओळखत नाही, तर मी कसा ओळखू?" गजेंद्रभाई म्हणाले. सलील खो खो हसला.

तीन दिवस तिनं दुखऱ्या हातानं पूर्ण काम केलं. तिन्ही दिवस ती गैरहजर लागली. चौथ्या दिवशी ती फक्त आपला डबा न्यायला आली. वसंतकाका माझ्यावरची चकती हातोडीनं ठोकून काढत होते. चकती वाकली होती.

"काका, भिजत ठेवा," ती म्हणाली. "थांबलात की सुटतं."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. ती फाटकाबाहेर गेली, तशी पुन्हा उचलली.

तिच्या जागेवर नंतर कुणी आलं नाही. मी अजून धरतो, तापतो, कातला जातो. एवढंच सांगायचं आहे, मित्रांनो. कुणाची बोटं अशी चिकटली तर ओढू नका. कोमट पाणी आणा, साबण लावा, हलक्या हातानं चोळा. वेळ लागेल. सुटेपर्यंत त्या माणसाजवळ बसून राहा.