आखूड बेतलेला कोट

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. माझे पहिले चार आकडे पुसले गेले आहेत, कारण शिंपीकाम करणाऱ्या आमच्या मास्तरांचा अंगठा तीस वर्षे तिथेच टेकतो. मी कारखान्यात जन्मले, पण माझे आयुष्य सुरू झाले ते मास्तरांच्या गळ्यात पडल्यावर.

किती देह मोजले मी! मुलांच्या बाह्या दरवर्षी वाढत. पुढे त्याच मुलांच्या कमरा सुटल्या, खांदे उतरले. "मास्तर, टेप आटली वाटतं!" असे गिऱ्हाईक म्हणे, आणि मास्तर माझीच बाजू घेत.

त्यांची थोरली बहीण दर हिवाळ्याआधी लांब कोट शिवून घेई. मानेपासून गुडघ्यापर्यंत एकोणचाळीस इंच, हे माप मला पाठ होते. गेल्या वर्षी ते अडतीस भरले. मास्तरांनी दोनदा मोजले आणि गुपचूप कोट आखूड बेतला. "उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?" ते पुटपुटले. मला कुठली वाचा!

यंदा साडेछत्तीस भरले. बहीण माप देऊन घरी गेल्यावर "ही पट्टीच सैल पडलीय," म्हणत त्यांनी मला चिंध्यांत भिरकावले.

दुकानात आलेल्या त्यांच्या मुलीने मला उचलले. "आत्याचं माप गेल्या वर्षीपेक्षा दीड इंच कमी दाखवते ती," मास्तर कुरकुरले. ती परिचारिका. तिने मला लोखंडी पट्टीशी लावून पाहिले. मी चोख होते.

"बाबा, आत्याची पाठ दुखते का?"

"दुखते. वय झालं आता."

"वय होतं म्हणजे काय होतं? हाड रोज झिजतं, रोज भरून निघतं. भरणाऱ्या पेशीही म्हाताऱ्या होतात, मग झीज पुढे पळते. पण वर्षात दीड इंच? हे कधीपासून?"

मास्तर कात्री पुसत राहिले. "गेल्या वर्षापासून. मी बोललो नाही."

तपासणीत एक मणका चेपलेला निघाला. वेळीच आणले असते तर कदाचित वाचला असता, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उरलेल्या मणक्यांसाठी औषध सुरू झाले.

शेवटी मास्तरांनी बहिणीला सगळे सांगितले.

"कोट अगदी मापात बसला होता," ती म्हणाली, "मला वाटलं, तुझा हात सुधारला." मग डोळे पुसून म्हणाली, "यापुढे माप मोठ्यानं सांगायचं. माझं अंग आहे ते."

आता दर तीन महिन्यांनी ती ताठ उभी राहायचा प्रयत्न करते. मास्तर आकडा मोठ्याने वाचतात.

मित्रांनो, घरातले माणूस आखूड होताना दिसले, तर नुसते कापड कापून मोकळे होऊ नका. त्याला सांगा.