चिकटवणी खात्यातलं भूत

झांजा थांबल्या, फटाक्यांचा धूर खाली बसला आणि कारखान्याच्या अंगणात जमलेलं सगळं गाव टाचा उंचावून बघू लागलं. खू भगताच्या अंगात आलं होतं. भगत पन्नाशीचा, पोट सुटलेला. पण त्याच्या अंगात यायचा तो बालदेव. म्हणून गळ्यात लाल लाळेरं, गालात लिमलेटची गोळी आणि बोलणं बोबडं.

"कोण आहे ले आत?" चिकटवणी खात्याच्या दारावर तलवार रोखून तो ओरडला. "विहिलीतली मुलगी आहे! लग्न न होता मेली! सगल्या पोलींचे पाय धलते!"

गर्दी शहारली. कारखाना बांधण्याआधी तिथं उसाचं रान होतं, रानात विहीर होती आणि विहिरीत एक मुलगी बुडाली होती, असं सगळेच सांगत. तिचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

भगतानं दारावर पिवळा कागद डकवला. वाटीतल्या मंतरलेल्या पाण्याची चूळ भरली, ती तलवारीच्या पात्यावर फुर्रकन उडवली आणि ओलं पातं कागदावरून आडवं ओढलं. पिवळ्या कागदावर लालभडक रेघ उमटली.

"लक्त! कापली तिला! आता तीन दिवस खिलक्या-दालं उघली ठेवा, तिला बाहेल जाऊ द्या. कुणी आत बसू नका. आणि मला गोली!"

बायकांनी गुडघे टेकले. कांग शेठनं दोन्ही हातांनी गोळी पुढं केली. कारखाना त्याचाच आणि भगताला बोलावणाराही तोच.

आमच्याकडे परदेशात जाणारे बूट बनत. चिकटवणी खात्यात पोरी दिवसभर कुंचल्यानं बुटांच्या तळव्यांना सोल्युशन लावत. त्याला गोडसर वास असे. खिडक्या कायम बंद, कारण वारं लागलं की डब्यातल्या सोल्युशनवर साय धरते आणि तळवे नीट चिकटत नाहीत. पोरींची डोकी दुखत, उलट्या होत. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि मुंग्या गेल्या त्या पायांतला जीव घेऊनच. माझी लेक आखिम त्यांच्यातच होती. चालताना तिच्या पायातली चप्पल गळून पडायची आणि तिला पत्ता नसायचा. गावातला डॉक्टर म्हणाला, पोरी नीट जेवत नाहीत. कारखान्याच्या खाणावळीत स्वयंपाक मी करायचे, म्हणजे दोष माझ्या भातावर आला.

खिडक्या उघड्या राहिल्या ते तीन दिवस मात्र नवल घडलं. पोरींची डोकेदुखी उतरली. आखिमनं भाताचा दुसरा वाडगा मागून घेतला.

"आई, डोकं कसं धुतल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

"आणि पाय?"

"पायांचं होईल हळूहळू. बालदेवानं सांगितलंय."

चौथ्या दिवशी खिडक्या बंद झाल्या, काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत पोरी पुन्हा चक्कर येऊन पडू लागल्या. भूत परतलं म्हणे. पुन्हा झांजा, पुन्हा लाळेरं, पुन्हा रक्त, पुन्हा तीन दिवस आराम. मला ते भूत मोठं शहाणं वाटायला लागलं. ते माझ्या खाणावळीत शिरत नव्हतं, शेजारच्या शिवण खात्यात जात नव्हतं, शेठच्या कचेरीकडं तर फिरकतही नव्हतं. बसायचं ते सोल्युशनच्या डब्यांपाशीच.

सिआ गुरुजी शाळेत विज्ञान शिकवत आणि संध्याकाळी आम्हा मोठ्या बायकांना अक्षरं गिरवायला लावत. मी त्यांना सगळं सांगितलं. लाल रेघेचं ऐकून ते हसले. पोरींच्या पायांचं ऐकलं तेव्हा त्यांचं हसू गेलं.

"मावशी, शेवयांच्या पिठात घालता तो खार आहे ना खाणावळीत? पुढच्या वेळी वाटीभर पाण्यात कालवून आणा."

"आणि तलवार?"

"तलवार कशाला? उलथणं चालेल."

तिसऱ्यांदा गाव जमलं. भगत थरथरत पुढं आला आणि कागद डकवणार, एवढ्यात गुरुजी म्हणाले, "बालदेवा, थांब जरा. आज आमच्या मावशींच्या अंगात आलंय."

लोक हसले. गुरुजींनी बाजारातून आणलेला तसलाच पिवळा कागद दाराला लावला. मी खाराच्या पाण्याची चूळ भरली, उलथण्यावर उडवली आणि ओढलं. माझी रेघ भगताच्या रेघेपेक्षाही लाल उमटली. खाराचा हात सढळ होता माझा.

"मावशी, भूत तळलंत की काय?" कुणीतरी ओरडलं.

गुरुजींनी कागद सगळ्यांना जवळून दाखवला. "हा कागद हळदीनं रंगवलेला आहे. हळदीला खाराचं पाणी लागलं की ती लाल होते. यात देव नाही, भूत नाही, रक्त तर नाहीच. बालदेवा, तुझ्या वाटीतलं पाणी बघू."

भगतानं वाटी पाठीमागं लपवली. "हात लावू नका हो गुरुजी, पोटावर का पाय देता माझ्या?" तो चक्क स्वच्छ बोलला, रचा ल नाही, बोबडं नाही. मग तर अंगणात हशाच पिकला. पोरं त्याचं लाळेरं ओढू लागली.

"ऐका, अजून ऐका!" गुरुजी सांगत होते. "पोरींना बरं वाटलं ते आत न बसल्यामुळं, खिडक्या उघड्या राहिल्यामुळं! भूत त्या डब्यात आहे. त्या वासानं डोकी दुखतात, त्यानंच पाय मरतात!" पण लोक भगताच्या मागं फाटकाबाहेर धावले होते. ऐकायला उरल्या त्या स्टुलांवर बसलेल्या पोरी, मी आणि कांग शेठ.

शेठनं गुरुजींना वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, डोळे उघडलेत आमचे. भूत नाहीच म्हणता ना? मग तीन दिवस काम बंद ठेवायचं कारण उरलं नाही. पोरींनो, उद्या सकाळी कामावर या. जहाज थांबत नाही."

"आणि खिडक्या?" आखिमनं विचारलं.

"वाऱ्यानं सोल्युशनवर साय येते, हे तुला ठाऊक नाही होय?"

गुरुजी सरकारी कचेरीत खेटे घालत राहिले. शेवटी साहेब आले, पण आधी कळवून आले. त्या दिवशी सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि कोपऱ्यांत नवेकोरे पंखे फिरत होते. साहेबांनी सोल्युशनच्या पिंपावर काय लिहिलंय ते पाहिलं. काहीच लिहिलेलं नव्हतं. चहा घेऊन ते गेले आणि पंखेही गेले.

शेठचं दोन्हीकडून बरं झालं. भूत होतं तोवर दोष भुताचा होता. भूत गेलं तेव्हा दोष पोरींचा झाला: ढोंग करतात, काम नको असतं. जिला नको असेल तिनं जावं, डोंगरातल्या गावांमधून मुली यायला तयारच होत्या. आम्हा मायलेकींचं तर घरही कारखान्याच्याच चाळीत.

एक दिवस पोरी लपतछपत खू भगताकडं गेल्या. आखिमही गेली, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून.

"भगतबाबा, एकदा या ना. भूत आलंय म्हणा. तेवढेच तीन दिवस मिळतील."

भगत आता भाजीची गाडी लावत होता. "बायांनो," तो म्हणाला, "तुमच्या गुरुजींनी माझं भूत मारलं. आता मी बोंबललो तरी शेठ खिडकी उघडायचा नाही."

घरी येऊन आखिमनं मला हे सांगितलं. रागानं नाही, नुसतं सांगितलं. पुढं तिला उभंच राहवेना, तेव्हा शेठनं तिला काढलं आणि आम्ही चाळ सोडली. काही वर्षांनी कारखानाही समुद्रापलीकडच्या देशात गेला, कारण तिकडं मजुरी कमी. बिनानावाची ती पिंपं मी ट्रकवर चढताना पाहिली. तिकडंही आता एखाद्या विहिरीतली मुलगी सापडली असेल.

आखिम भिंत धरून चालते.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. हळदीला खार लागला की ती लाल होते, हे मुलाबाळांना जरूर शिकवा. भगताची वाटी जरूर तपासा, त्याला सोडू नका. पण भूत नाही एवढं ठरलं म्हणजे आजार नाही असं ठरत नाही. भगताला कुणी बोलावलं आणि का बोलावलं, हे तिथंच, सगळं गाव उभं असताना विचारा. गर्दी पुन्हा जमत नाही. आम्हाला कागद लाल कसा होतो तेवढं कळलं, गाव हसत घरी गेलं आणि सकाळी पोरी कामावर गेल्या.