जड हाताची सून

परशराम फिटर कामाला चोख, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. नळ बसवता बसवता घरधन्याची फिरकी घ्यायची, बायकांना हसवायचं, चहा उकळायचा आणि खडेबाजारातल्या आपल्या दुकानात परतायचं, असा त्याचा खाक्या. लोकांनाही ते आवडायचं. त्यामुळे आपण कुठे काय बोलून आलो याचा विचार त्याने कधी केलाच नाही.

विणकरांच्या शहापुरात अंबुबाईच्या घरी त्यानेच नळ बसवला, एकोणीसशे अडतीस साली. गल्लीतला पहिला नळ, म्हणून अंबुबाईने नळाला हळदकुंकू वाहिलं. पण आठवड्यातच तक्रार आली. नळ बंद केला की भिंतीतून धाडधाड आवाज यायचा, पाइप थरथरायचा आणि शेजारीच हातमागावर विणत बसलेला तिचा मुलगा भरमा दचकायचा. परशरामने नळ उघडून आतला चामड्याचा वायसर बदलला. आवाज होताच. त्याला कारण सापडेना, आणि दारात गल्लीतल्या बायका जमलेल्या. नुकतीच लग्न होऊन आलेली सून अंजनी घागर घेऊन उभी होती.

"आक्का, नळात खोट न्हाय," तो म्हणाला. "सुनंचा हात लई जड हाय. चावी आवळती का कुस्ती खेळती?"

बायका हसल्या. अंबुबाई हसली नाही. विणकराच्या घरात जड हात म्हणजे रेशीम तोडणारा हात, हे परशरामला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या घडीला सुचलं नाही, एवढंच. अंजनी वडगावची, मागाशेजारी वाढलेली. रेशमाचा तुटलेला धागा ती असा सांधायची की गाठ हाताला लागू नये. दुसऱ्याच दिवशी अंबुबाईने तिला कांडी भरण्यावरून, म्हणजे विणायचं रेशीम कांडीवर गुंडाळण्याच्या कामावरून, उठवलं. असल्या हाताला रेशीम द्यायचं नाही, नळही शिवू द्यायचा नाही. तिने गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून पाणी ओढून आणायचं. नळ अंबुबाई स्वतः हळूहळू, जपून बंद करी; आवाज थांबला, आणि दोष सुनेच्या हाताचाच ठरला.

तीन वर्षांनी पाइप गळायला लागला म्हणून परशरामला पुन्हा बोलावणं आलं. गळती शोधत त्याने सुताच्या गठ्ठ्यांमागची भिंत मोकळी केली. पाइप भिंतीशी धरून ठेवणाऱ्या दोन लोखंडी कड्या तिथे नव्हत्याच. नळ बसवताना तिथे दगड कठीण लागला होता, छिन्नी बोथट झाली होती, उद्या ठोकू म्हणून तो निघून गेला होता आणि साफ विसरला होता. पाणी एकदम अडलं की मोकळा पाइप भिंतीवर आपटत होता.

त्याने गळती बुजवली, कड्या ठोकल्या आणि मुद्दाम हिसका देऊन चावी बंद केली. आवाज नाही. गप्प घरी जाता आलं असतं, आणि तसं त्याच्या मनात आलंही. पण तेवढ्यात विहिरीवरून अंजनी आली, रांजणात घागर ओतू लागली, आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

"आक्का, चूक माजी हुती," तो म्हणाला. "मी दोन कड्या ठोकल्याच न्हाईत. पोरीच्या हाताचा काय बी दोष न्हाय."

अंबुबाई मागाजवळ गेली, रेशमाची लडी घेऊन आली आणि सुनेपुढे धरली. "बस गं बाई कांडीवर. माजंबी चुकलं."

अंजनीने घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि लडी घेतली. घेताक्षणी रेशीम तिच्या तळव्याला अडकलं. विहिरीच्या दोराने तळहाताला घट्टे पडले होते, बोटं भेगाळली होती. तिने एक धागा हळूच सोडवून पाहिला, तो तुटला. दुसराही तुटला. परशराम वाकून तुटलेले धागे उचलू लागला.

"असू द्या, अण्णा," लडी सासूच्या हातात परत देत अंजनी त्याला म्हणाली. "आता खरंच मला रेशीम धरवत न्हाय."

आणि नळ शेजारीच असताना, रिकामी घागर कमरेला लावून ती विहिरीच्या वाटेला लागली.