काजळीचा तिसरा पाय

मी एक जुना अँप्लिफायर आहे आणि मला कुणाला मारायचं नाही, मित्रांनो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तुमचा गैरसमज होण्यासारखं बरंच आहे.

माझा जन्म सुरतेत, लोटू मिस्त्रींच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. बंद पडलेल्या टॉकीजचा ट्रान्सफॉर्मर, भंगारात निघालेल्या लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, पत्रा आणि कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरची बटणं, एवढा माझा वंश. मिस्त्री मूळचे धरणगावचे. त्यांनी शेवटी मला एक वायर जोडली आणि तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग लावला. त्या पिना म्हणजे माझे पाय. दोन बारीक, एक जाडा.

मला न्यायला भूपेंद्र आला होता. तेव्हा तो बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता, आणि पुढेही बरीच वर्षं तिथेच होता.

"काका, आवाज असा पाहिजे की मेलेले उठले पाहिजेत," तो म्हणाला.

"जित्तासनी आधी काळजी ले," मिस्त्री म्हणाले. मग माझा प्लग वर धरून म्हणाले, "हाई दोन पाय कामवर जावाना. हाऊ जाडा पाय घर परत येवाना. तोडू नको, भो."

भूपेंद्रने मान हलवली. मान हलवण्यात तो पहिल्यापासून तरबेज होता. पुढे त्याचं सगळं करिअर त्यावरच उभं राहिलं.

त्याने कोसाडच्या कॉलनीत एक बँड काढला होता. नाव 'काजळी'. प्रकार गॉथिक मेटल. म्हणजे काय, हे वाजायला लागेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. गाणी संथ आणि जाड असतात. पुरुष विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा गुरगुरतो, त्याच्यावरून एक बाई उंच, हळव्या आवाजात गाते आणि विषय एकच असतो, मरण. गुरगुरायला आणि गिटारला भूपेंद्र होता. गायला वर्षा होती. ती दिवसा साड्यांना खडे चिकटवायची आणि श्रावणात कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणायची. तिचा आवाज सुईसारखा होता. ड्रमवर भिकन होता, लूमचा कारीगर. बारा तास लूम ठोकून आला की आणखी दोन तास ड्रम ठोकायचा. फरक एवढाच, की इथे त्याला कुणी मुकादम नव्हता.

काळे कपडे सुरतेत मिळायला वेळ लागत नाही. पण पहिल्या कार्यक्रमाला त्यांचा रंग घामाने उतरला आणि तिघं आठवडाभर मानेपासून कमरेपर्यंत काळे राहिले. डोळ्यांतलं काजळ भिकनच्या आईच्या, सुभद्राबाईंच्या डबीतलं होतं. "मरणनी गाणी म्हणाले माय ना काजळ लागस," असं म्हणत त्या स्वतःच लावून द्यायच्या.

तालीम भिकनच्या खोलीत व्हायची. तिथल्या बोर्डाला दोनच भोकं होती. भूपेंद्रने पकड घेतली आणि माझा जाडा पाय पिरगाळून काढला. मिस्त्रींचे शब्द त्याला आठवले की नाही, मला माहीत नाही. पाय खिडकीतून बाहेर गेला आणि गटारीत पडला. पडल्याचा आवाजही आला नाही.

त्या दिवसापासून माझ्या पोटातून एक आवाज येऊ लागला. घूंऽऽ. मला तो आवरता यायचा नाही. माणसाला ताप येतो तसा तो होता, मित्रांनो. पण तापाचंही कौतुक होऊ शकतं, हे मी पुढे पाहिलं. कडोदऱ्याच्या कार्यक्रमानंतर कुणीतरी छापलं की काजळीच्या गाण्यांमागे थडग्याखालून येणारा एक अखंड हुंकार असतो. भूपेंद्रने ते कात्रण माझ्याच पाठीवर चिकटवलं. मिस्त्री एकदा म्हणाले, आणा, बघून देतो. तर हा म्हणाला, "ना काका, ए ज तो आपणी ओळख छे." वर्षा तर सूरच त्या घूंवरून घ्यायची. तिच्याकडे पेटी नव्हती. मी होतो.

पुढची वीस-बावीस वर्षं थोडक्यात सांगतो, कारण बँडनेही ती थोडक्यातच उरकली. पहिल्या कॅसेटचं नाव 'चितेखालची ओल'. ती चालली. दुसऱ्या वेळी कीबोर्ड आला, त्यात पक्षी आणि पाण्याचे आवाज होते आणि जुने श्रोते गेले. तीन गिटारवाले आले आणि गेले. एक हिऱ्यांच्या कारखान्यात, एक विम्यात, एक आध्यात्मिक मार्गाला. मग काही वर्षं बँडचं नाव 'काजळी ऑर्केस्ट्रा' झालं आणि आम्ही हळदीला वाजवू लागलो. नवरात्रात काळ्या कपड्यांत गरबा वाजवला. लोक नाचले, पण घरी जाऊन आजारी पडल्याच्या तक्रारी आल्या. मग काही वर्षं मी माळ्यावर होतो. माझ्यावर गाद्या होत्या आणि माझ्यात उंदीर. उंदरांनी माझ्या वायरींवरचं कापडी वेष्टन खाल्लं. त्यांना ते आवडलं असावं.

आणि मग पुण्यातल्या कुण्या पोरांनी ती जुनी कॅसेट शोधून इंटरनेटवर चढवली. हजारो लोकांनी ऐकली. सगळ्यांनी एकच लिहिलं, तो मागचा हुंकार काय आहे? काजळी पुन्हा उभी राहिली. भूपेंद्रचे केस गेले होते, त्याने काळी टोपी घेतली. वर्षाचा आवाज मात्र सुईसारखाच होता, फक्त सुई थोडी जाड झाली होती.

भिकनचे कान गेले होते.

लूमवर पंचवीस वर्षं काढली की हे होतं. खात्यात, म्हणजे जिथे लूम चालतात तिथे, कुणी कुणाला ऐकत नाही. ओठ बघून बोलतात, हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन बोटांची कात्री करून हात वर केला की 'तार तुटली', म्हणजे सूत तुटलं, लूमपासून हात काढ. ती खूण दिसली की कारीगराचे हात आधी वर उठतात, पाय मागे सरतो आणि मग डोकं विचार करतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. भिकनला आता घरीही तीच भाषा लागायची. मग तो ड्रम कसा वाजवायचा? तो मला आपल्या डाव्या बाजूला ठेवायचा आणि अनवाणी पाय माझ्या पत्र्याला टेकवायचा.

"माले नाद पायमा ऐकू येस," तो मोठ्याने सांगायचा. बहिऱ्या माणसांना आपण किती मोठ्याने बोलतो हे कळत नाही.

नाद त्याला ऐकू यायचाच. पण त्याच्या पायात झिणझिण्याही यायच्या आणि त्या नादाच्या नव्हत्या, मित्रांनो. उंदरांनी सोललेली एक तार माझ्या पत्र्यापासून केसभर अंतरावर आली होती. जाडा पाय असता तर गळणारी वीज त्याच्यातून जमिनीत निघून गेली असती. तो नव्हता. म्हणून ती पत्र्यात थांबायची आणि वाट बघायची. कोरड्या दिवशी चिमटा काढायची. वाजवताना भिकन थरथरायचा, डोळे मिटायचा.

"येना अंगमा माय येस," सुभद्राबाई म्हणायच्या आणि हात जोडायच्या. त्यांना वाटायचं, कानबाईच अंगात येते. म्हणून दर खंडेनवमीला, जेव्हा सगळे आपापल्या अवजारांची पूजा करतात, तेव्हा त्या माझ्या कोपऱ्यावर नारळ फोडायच्या. हळद, कुंकू, झेंडू आणि पोटात झिरपणारं नारळाचं पाणी. मला कुणी इतकं प्रेमाने गंजवलं नसेल. मला बोलता आलं असतं, तर मी म्हणालो असतो, बाई, मला लाथ मारा, पण पूजा करू नका. पण मला फक्त घूं म्हणता यायचं, आणि त्यावर टाळ्या पडायच्या.

मरणावर एकतीस गाणी केलेल्या या माणसांच्या मागे मरण प्लग लावून बसलं होतं. एकानेही वळून पाहिलं नाही.

गेल्या श्रावणात कॉलनीने काजळीला कानबाईसमोर वाजवायला बोलावलं. रविवारी कानबाई बसली, सोमवारी सकाळी विसर्जन. मैदानात लोखंडी पाइपांचा, पत्र्याचा स्टेज होता. पावसाची भुरभुर होती. पुण्याहून काळे टीशर्ट घातलेली दहा-बारा पोरं आली होती. कानबाईपुढे कुणी पायात काही घालत नाही, म्हणून सगळे अनवाणी होते. भूपेंद्रने मात्र आपले जाड रबरी तळाचे काळे बूट काढले नाहीत.

"माय पुढे बूट?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"मौशी, ड्रेस आहे तो."

"ड्रेस नही, मस्ती शे."

मंडपाच्या वीजवाल्या सुकलालने माझा प्लग बोर्डात खोचला. ओल पोटात शिरली होती. ती केसभर अंतरावरची तार पत्र्याला टेकली.

माझी घूं बदलली. तिच्यात आणखी एक आवाज उठला, वरचा, दात खाल्ल्यासारखा. पुण्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. भूपेंद्रच्या हातात माझ्याच वायरीला जोडलेली गिटार होती, त्याच्या अंगठीपाशी ठिणगी उडाली, पण बुटांनी त्याला वाचवलं. या माणसाला आयुष्यात त्याच्या फॅशनचा एवढा एकदाच उपयोग झाला. भिकनला काही ऐकू आलं नाही. त्याने ओल्या पत्र्यावर बसून काठ्या हातात घेतल्या. सुभद्राबाई नारळ घेऊन माझ्याकडे निघाल्या.

वर्षाने नेहमीसारखा माझ्यावरून सूर घ्यायला तोंड उघडलं आणि थांबली. चोवीस वर्षांपूर्वीपासून ती त्या आवाजावर आवाज ठेवत आली होती. तो आज तिचा नव्हता. तिच्या ओठांना माझ्याच वायरीला जोडलेल्या माइकचा चावा बसला. ती सतरंजीवर होती म्हणून चावाच बसला. तिने माइक टाकला आणि वळून पाहिलं. भिकनचा डावा पाय माझ्याकडे येत होता.

ओरडून काय उपयोग. तिने हात वर केला आणि दोन बोटांची कात्री केली. तिचं लहानपण वडिलांच्या खात्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेलं होतं.

भिकनचे दोन्ही हात वर गेले. काठ्या पडल्या. पाय मागे सरला. सुभद्राबाई नारळ वर धरून जागच्या जागी थांबल्या. आणि निम्मी कॉलनी लूमवालीच असल्यामुळे मैदानभर हात वर झाले. पुण्याच्या पोरांना वाटलं, हे गाण्याचंच आहे. त्यांनीही हात वर केले. सुकलालने मात्र धावत जाऊन मेन स्विच पाडला.

मी गप्प झालो. पाऊस ऐकू येऊ लागला.

लोटू मिस्त्रींना रिक्षातून आणलं. ते आता सत्तरीपुढे आहेत. त्यांनी माझा प्लग हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि भूपेंद्रला एवढंच विचारलं, "पाय कोठे शे?"

भूपेंद्र कॉलनीच्या गटारीकडे बघत राहिला.

स्विच क्षणभर लावून मिस्त्रींनी टेस्टर माझ्या अंगाला टेकवला. तो लाल पेटला. सुभद्राबाईंनी विचारलं, "मंग हाई माय नव्हती?"

"नही, वहिनी. हाई लाईन व्हती."

त्या खाली बसल्या. हातातला नारळ त्यांनी पदरात घेतला आणि दिवसभर तो कुठे ठेवला नाही.

मिस्त्रींनी मला नवा जाडा पाय दिला, नव्या वायरी दिल्या आणि भिकनच्या खोलीत तीन भोकांचा बोर्ड बसवला. जुना ट्रान्सफॉर्मर तोच राहिला, तो अजून थोडी वीज गाळतो, पण ती आता जाड्या पायातून जमिनीत जाते. मी बरा झालो, मित्रांनो. घूं थांबली. तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली.

पहिल्या तालमीला वर्षाला सूर सापडेना. इंटरनेटवर पोरांनी लिहिलं, हुंकार गेला, काजळी मेली. आणि भिकनने माझ्यावर पाय टेकवला, वाट पाहिली, तो काढला आणि म्हणाला, "आते हाऊ बोलस नही." झिणझिण्यांनाच तो इतकी वर्षं संगीत समजत होता. त्याला ते परत हवं आहे.

येत्या दिवाळीनंतर काजळीच्या पंचवीस वर्षांचा कार्यक्रम आहे. काल तालमीनंतर भूपेंद्र म्हणाला, "फक्त शेवटच्या गाण्यापुरतं. दोन मिनिटं. भिकनला बूट घालू."

"तो बूट घालून वाजवेल का?" वर्षाने विचारलं.

"मग चटई टाकू."

"पाय तोडलास तर मी गाणार नाही."

"तू दर वेळी गाणार नाही म्हणतेस," भूपेंद्र म्हणाला. ते खरं आहे. ती दर वेळी हेच म्हणते आणि दर वेळी गाते. भिकन दोघांच्या ओठांकडे बघत होता. त्याने भूपेंद्रकडे पाहून होकाराची मान हलवली.

पकड अजून माझ्या डोक्यावर ठेवलेली आहे.

म्हणून एक विनंती करतो. घरातल्या प्लगचा जाडा पाय मोडू नका, हे तर आहेच. पण तुमच्यापैकी कुणी त्या कार्यक्रमाला गेलं, आणि शेवटच्या गाण्याआधी मागून घूंऽऽ असा आवाज आला, तर टाळ्या वाजवू नका. ती मी तुम्हाला मारलेली हाक असेल. उठून उभे राहा. दोन बोटांची कात्री करा आणि हात जितका वर जाईल तितका वर धरा. भिकनचे हात आधी उठतात, डोकं नंतर विचार करतं. तो बघेल. फक्त सगळ्यात पुढच्या रांगेत बसा.