थेंबोबाची खोळ

“तुमाला ठाऊक व्हतं. पाडव्याला खोळ पडली, त्याच सांजंला म्या तुमच्या पायाशी बसून सांगितलं. तुमी काय म्हनलात? लिंपून टाक म्हनलात. देवाचा गळा तुमी आवळला, अन् पाप गावाच्या माथ्यावर थापलं.”

बब्रुवान गाभाऱ्याच्या बंद दाराला आतून तोंड लावून बोलत होता आणि बोलता बोलता अडसर नीट बसलाय का ते उलट्या हातानं चाचपत होता. बाहेर भर दुपारी सगळं गाव जमलं होतं. वैशाखाच्या उन्हात माळ भाजून निघालेला, आणि त्या उन्हात एकाच डोक्यावर छत्री होती. त्या छत्रीखालच्या मठाधिपतीचं नाव गावात कुणी घेत नसे. गादी म्हणत. गादी बसली, गादी उठली, गादीनं सांगितलं.

गादी आताही गप्पच होती. तिच्या वतीनं नवा चोपदार कोंडीराम बोलला. दार उघडा, नाहीतर पहारी मागवल्यात, असं तो म्हणाला. चोपाची काठी कशी धरायची, गादीपुढं मागं न बघता कसं चालायचं, हे त्याला बब्रुवाननंच शिकवलं होतं.

“मागव की,” बब्रुवान म्हणाला. “सागवान हाय. तुला घटकाभर लागंल. मला तेवढी पुरंल.”

पायरीवर केशरबाई रिकामी घागर मांडीशी धरून बसली होती. बाकीच्या बायका लांब उभ्या होत्या. बब्रुवान बोलत होता तेव्हा तिनं मान वर केली होती, आणि ती मान मग खाली गेलीच नाही.

आत बब्रुवाननं खुरपं उचललं.

थेंबोबा म्हणजे दीड पुरुष उंचीचा तांबडा धोंडा, असं परगावचा माणूस म्हणाला असता. धोंडा तो नव्हता आणि तांबडाही नव्हता. गावातल्या कुणाच्या तरी खापरपणज्याच्या काळात तो आभाळातून पडला. सात दिवस माळ जळत होता आणि आठव्या दिवशी राखेतून पाणी वाहताना दिसलं. त्याला गंज चढत नव्हता, घणानं खरचटत नव्हतं. कान लावला तर आत काहीतरी घुमे, आणि अंगावरच्या बारीक चिरांतून थेंब गळत. असाच दुसरा एक सीमेपलीकडं कर्नाटकात पडला होता म्हणतात. तो वितळवून फाळ करू म्हणून चौघं जण भट्टी पेटवून बसले. सकाळी भट्टी होती, चौघं नव्हते. तेव्हापासून ह्या गावानं थेंबोबाला हात लावायचा तो फक्त शेंदराचा, एवढं ठरवून टाकलं होतं.

आता आपल्याकडं शेंदूर लावायचा म्हणजे कसा, हे सांगायला नको. तेलात कालवायचा आणि आधीच्या थरावर थापायचा. आधीचा कुणी काढत नाही. देवाच्या अंगावरचं काढणारे आपण कोण? थरावर थर चढतो, देवाला नाक राहत नाही, डोळे राहत नाहीत, आणि मग कधीतरी पन्नाससाठ वर्षांनी सगळं कवच आपल्या वजनानं खाली येतं. खोळ पडली म्हणतात. गाव हात जोडतं, खोळ नदीत सोडतात, पुन्हा पहिला थर.

चांगल्या काळात एक चिलीम ओढून होईस्तोवर थेंबोबाखाली घागर भरायची. गाभाऱ्यातून चर होता, चराच्या टोकाला बाहेर दगडी गोमुख. सगळं गाव तिथं भरायचं. केशरबाईच्या वस्तीनं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, नवी वाट धरली, तरी त्यांच्या बायका गोमुखावर येतच राहिल्या. पंधरा-सोळा वर्षं त्यात कुणाला वावगं दिसलं नाही. पाणी होतं ना.

मग एकाहत्तरला पाऊस हुकला आणि बाहत्तरला आलाच नाही. विहिरी उघड्या पडल्या. आणि नेमका तेव्हाच थेंब मंदावला. चिलमीचं पाणी दिवसावर गेलं. तेव्हा गादीला वस्तीचे छप्पन सालचे देव आठवले. ज्यांनी देव सोडले त्यांची सावली चरावर पडते, म्हणून देव रुसला, असा निवाडा झाला. पाणीवाटपाची सोसायटी निघाली होतीच. घरटी एक कार्ड, आणि कार्डावर शिक्का मठाचा. वस्तीच्या कार्डांवर शिक्का बसला नाही. इतकं सोपं होतं ते. आणि कार्डाशिवाय कुणी पायरी चढू नये म्हणून तिथं चांदीच्या मुठीचा चोप आडवा धरून उभा होता बब्रुवान.

बब्रुवान लबाड नव्हता. असता तर बरं झालं असतं. लबाड माणूस कंटाळतो, डोळा चुकवतो, एखाद्या म्हातारीला म्हणतो, जा, भर पटकन. बब्रुवानचा विश्वास होता. तो थेंबोबापुढं जमिनीवर झोपे, अळणी जेवे. तळहातावर कापूर जाळून त्याची कातडी चामड्यासारखी झाली होती. केशरबाई पहिल्या दिवशी आली तेव्हा त्यानं चोप घागरीच्या काठावर टेकवला आणि घागर उलटी केली. थेंब जसा आटत गेला तसा त्यानं शेंदूर वाढवला. आधी अमावस्येला, मग आठवड्याला, मग रोज पहाटे. देव रुसलाय, तर त्याला आणखी सजवायला नको?

खुरप्याखालून एक ढलपा निघाला, दोन बोटं जाड, भाकरीएवढा. खाली पडून फुटला तेव्हा आतल्या वळ्या दिसल्या, कापलेल्या खोडात असतात तशा. वरच्या वळ्या एकमेकींना चिकटून होत्या. त्या त्याच्या हातच्या होत्या. बब्रुवाननं त्यांच्याकडं बघायचं टाळलं आणि हातोडा घेतला.

बाहेर पहारी आल्या. पहिला घाव बसला तसा अडसर कुरकुरला.

“चोपदार,” कोंडीराम बाहेरून म्हणाला. जुनी सवय. मग त्यानं सुधारलं. “बब्रुवान, देवाच्या अंगावर लोखंड चालवतोस. हात झडतील.”

“झडू दे. तवर थोडं ऱ्हायलंय.”

गेल्या महिन्यात तो हे सोसायटीच्या सभेत बोलला होता. खोळ पडली, खालचं अंग उघडं झालं आणि तिथून धार लागली, हे त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं; कधी पडली ते मात्र नाही. सावलीनं न्हाय, शेंदरानं पाणी तुंबलं, म्हणाला. तिथंच त्याच्या हातातला चोप काढून कोंडीरामच्या हातात दिला गेला. भक्त ठरायला त्याला जेवढी वर्षं लागली तेवढी माथेफिरू ठरायला लागली नाहीत; एका सभेत काम झालं. दुसऱ्या दिवशी तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. कुणी त्याच्याजवळ बसेना. ज्यांच्या घागरी त्यानं उलट्या केल्या ते बसेनात, आणि ज्यांच्या भरू दिल्या तेही बसेनात.

केशरबाई बसली. तिसऱ्या दिवशी ती आपली पाटी उचलून त्याच्या ढिगाशेजारी आली आणि कामावर खायला मिळायची त्या सुकडीतली, आपल्या वाट्याची मूठभर त्याच्यापुढं ठेवली. उशिरा का व्हईना, बोललात, एवढंच म्हणाली. घरात तेव्हा ती एकटीच उरली होती. गोमुख बंद झाल्यावर तिची सून चांगुणा वरल्या शिवारातल्या जुन्या विहिरीत उतरून कपारीतलं पाणी वाटीनं भरत असे. चैत्री पुनवेला, मारुतीच्या देवळात गुलाल उडत असताना, त्या विहिरीची कड ढासळली. माती उपसायला वस्तीला दीड दिवस लागला. चांगुणाला सहावा महिना होता.

बब्रुवाननं ती सुकडी खाल्ली होती. मावशी म्हणू लागला होता तिला. काल संध्याकाळी तोच तिला म्हणाला, उद्या घागर घेऊन या, पयली घागर तुमची.

दाराची एक फळी तडकली. उन्हाची पट्टी आत आली आणि थेंबोबाच्या पोटावर पडली. तिथं शेंदूर आता विटकरीएवढाच उरला होता. बब्रुवाननं खुरप्याचं टोक त्याखाली घातलं आणि छातीचा सगळा भार दिला. कवच कुठंतरी वर, खांद्यापाशी, कडाडलं. तो मागं सरला. सबंध पुढची बाजू एकदम खाली आली आणि गाभारा तांबड्या धुराळ्यानं भरून गेला.

धुराळ्याला खाली बसायला वेळच मिळाला नाही. तो थेंबोबात ओढला गेला. काळ्या, गुळगुळीत अंगावर माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा होत्या, शेकड्यांनी, आणि त्या श्वास घेत होत्या. तडकलेल्या फळीतून बाहेरची गरम हवा शीळ घालत आत शिरू लागली. बाहेर पहार थांबली. दार कुणीतरी आतून ओढावं तसं चौकटीला आवळलं जात होतं, हे बाहेरच्यांनीही पाहिलं.

मग खुणा उजळल्या. बब्रुवाननं त्या कधी पाहिल्या नव्हत्या. त्याच्या आज्यानंही पाहिल्या नसतील. अक्षरांसारख्या, पण कुठल्याच माणसाच्या हातच्या नव्हेत. एकामागून एक निळसर उजेड धरत त्या डोक्याकडं चढत गेल्या आणि मध्येच थांबल्या. वरची अर्धी ओळ काळीच राहिली. तिथल्या चिरा उघडल्या नाहीत. बब्रुवाननं तिथं हात लावला. खालचं अंग बर्फागत गार होतं. वरचं गेलेल्या माणसाच्या कपाळासारखं, ना गार ना गरम.

“अर्धा मेला,” तो स्वतःशीच म्हणाला.

उरलेल्या अर्ध्यातून थेंब सुटला. एक, मग चार, मग मोजता येईनात. त्याच्या पायाखालचा शेंदराचा चुरा भिजला, चराकडं तांबडी धार निघाली, आणि बाहेरून बायकांचा आवाज आला. ओरडा नव्हता तो. पुष्कळ जणींनी एकदम श्वास आत घेतला होता.

बब्रुवाननं अडसर काढला.

कोपरापर्यंत तांबडे हात घेऊन तो पायरीवर आला तेव्हा त्याला कुणी धरलं नाही. पहारीवाले गोमुखाकडं बघत उभे होते. धार तांबडी होती, मग फिकी झाली, मग स्वच्छ. रीत अशी होती की पहिलं पाणी गादीचं. कोंडीरामनं चांदीचा तांब्या काढलासुद्धा होता. पण केशरबाईची घागर आधीच धारेखाली होती. त्यानं चोप आडवा केला. घागरीच्या काठावर टेकवला. बब्रुवान त्याच्याकडं नुसता बघत राहिला. कोंडीरामनं चोप उचलून घेतला आणि दोन पावलं मागं गेला.

“बघा,” बब्रुवान छत्रीकडं वळून म्हणाला. आता त्याला ओरडायची गरज नव्हती. “हे पानी तुमी कोंडलं. आता गावाला सांगा, का कोंडलं? सांगा.”

सगळं गाव छत्रीकडं बघत होतं. जन्मात पहिल्यांदा असं सरळ बघत होतं. गादीनं ओठावरून जीभ फिरवली. एवढ्यासाठीच तर बब्रुवाननं हे सगळं केलं होतं. तो पायऱ्या उतरून गोमुखाशी आला, केशरबाईची घागर उचलून द्यावी म्हणून वाकला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

घागर काठोकाठ भरली होती आणि वरून वाहत होती. केशरबाई ती हलवत नव्हती. तिच्या मागं बायका घागरी घेऊन ताटकळल्या होत्या, पण एकीनंही पुढं हात घातला नाही.

“पाडव्याला म्हनलास,” केशरबाई म्हणाली.

त्याला कळलं नाही. म्हणजे, कळलं.

“आत्ता, दाराआडून. पाडव्याला खोळ पडली म्हनलास. त्याच सांजंला ह्यांना सांगितलं म्हनलास.”

जन्मभर ती त्याला अहो चोपदार म्हणत आली होती. चोप गेल्यावरही म्हणत होती.

“त्यांनी लिंप म्हनलं,” तो म्हणाला.

“मग?”

बब्रुवाननं आपल्या हातांकडं पाहिलं. पाडव्याच्या संध्याकाळी ह्याच हातांनी त्यानं तेल कालवलं होतं. उघड्या अंगावर पहिली थाप मारताना एक थेंब त्याच्या तळहातावर पडला होता, कापरानं मेलेल्या कातडीलाही कळावा इतका गार. तो त्यानं धोतराला पुसला होता. आणि चोप घेऊन पुन्हा पायरीवर येऊन उभा राहिला होता.

“मला वाटलं...” तो म्हणाला.

छत्रीखालून कुणीतरी हलकेच खाकरलं. बब्रुवाननं तिकडं पाहिलं नाही. गावही आता तिकडं पाहत नव्हतं.

केशरबाईनं घागर धारेखालून बाजूला घेतली आणि त्याच्या पायांजवळ ठेवली, दोघांच्या मध्ये.

“माजी चांगुणा पुनवेला उतरली हिरीत,” ती म्हणाली. “मदी चौदा दिस व्हते. त्यांचं ऱ्हाऊ दे, ते काय बोलनार. तू बोल. चौदा दिस तू काय करीत व्हतास, बब्रुवान?”